नीसचे ऊन आणि नीसचा वारा

फ्रान्सच्या आग्नेय कोपऱ्यात, इटलीच्या सीमेलगत, भूमध्य समुद्राच्या काठी नीस हे शहर वसले आहे. अलीकडे आपल्याकडच्या युरोप सहलींच्या कार्यक्रमांत त्याचे नाव वारंवार दिसू लागले आहे. मुलांच्या परीक्षा संपल्यानंतर आणि जूनच्या मध्यास शाळा सुरू होण्यापूर्वी निघायचे, हा आपला कौटुंबिक शिरस्ता. त्यामुळे मराठी कुटुंब तेथे पोहोचते ते नेमके तिथल्या उन्हाळ्याच्या तोंडावर. सोबत बहुधा आजी-आजोबाही असतात. निघण्यापूर्वी ही मंडळी दवाखान्यात येतात तेव्हा त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. स्वेटर किती न्यावेत, गुडघा साथ देईल का, खाण्याचे कसे होईल. उन्हाविषयी आणि पाण्याविषयी कोणी विचारीत नाही. ज्याने नागपूरचा मे महिना पंचेचाळीस अंशांत काढला आहे, त्याला चोवीस-पंचवीस अंशांच्या उन्हाची काय तमा, असेच प्रत्येकाला वाटते. हा समज धोक्याचा आहे. त्याकडे वळण्यापूर्वी, रुग्णाचा पूर्वेतिहास विचारण्याच्या आमच्या सवयीप्रमाणे, या शहराचाही पूर्वेतिहास पाहू. कारण नीस हे अक्षरशः डॉक्टरांच्या सल्ल्यावर वाढलेले शहर आहे.

१७६३ मध्ये टोबायस स्मॉलेट नावाचा स्कॉटिश गृहस्थ छातीचे दुखणे घेऊन येथे राहावयास आला. कादंबरीकार म्हणून त्याची ख्याती असली तरी मूळचा तो शल्यवैद्य. त्याने येथे समुद्रस्नानाचा प्रयोग आरंभला तेव्हा स्थानिक लोक चकित झाले. हवामानाची त्याने नियमित नोंद ठेवली आणि १७६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनाला ती जोडली. पुढील दशकांत इंग्लंडमधील धनवान आणि दुखणाईत मंडळी हिवाळा काढण्यासाठी नीसला येऊ लागली. १८२०-२१ च्या हिवाळ्यात येथे असाधारण थंडी पडून संत्र्यांच्या बागा करपल्या व अनेकांचा रोजगार बुडाला. तेव्हा लुईस वे या इंग्रज धर्मोपदेशकाने पैसा उभा करून त्या बेकारांकडून समुद्रकाठाने एक पायवाट बांधवून घेतली. आपल्याकडच्या रोजगार हमीच्या रस्त्यांचाच हा पूर्वज म्हणावयाचा! तीच पायवाट आज सुमारे सात किलोमीटर लांबीचा, जगप्रसिद्ध ‘प्रॉमनाद देझांग्ले’, म्हणजे इंग्रजांच्या फेरफटक्याचा मार्ग, झाली आहे.

व्हिक्टोरिया राणी वृद्धापकाळी येथे वसंतात मुक्कामाला येत असे. रशियन लेखक अंतोन चेखव्ह, जो स्वतः डॉक्टर होता, क्षयाने फुप्फुसातून रक्त जाऊ लागल्यावर १८९७ चा हिवाळा काढण्यासाठी येथेच आला. पुढे १९०० च्या हिवाळ्यात तो पुन्हा आला, आणि ‘तीन बहिणी’ या नाटकावर त्याने येथे काम केले. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. कॉखने १८८२ मध्ये क्षयाचा जंतू दाखवून दिला होता खरा. पण तो मारणारे स्ट्रेप्टोमायसिन हाती येण्यास १९४३ साल उजाडले. मधल्या साठ वर्षांत डॉक्टरांकडे लिहून देण्यासारखे एकच होते: हवापालट. आगगाडीने पूर्वेकडे गेल्यास मांतों हे गाव लागते. हेन्री बेनेट हा इंग्रज डॉक्टर १८५९ मध्ये तेथे मरणाच्या तयारीने आला, पण बरा झाला आणि त्याने त्या हवेची महती सांगणारे पुस्तक लिहिले. ते वाचून रुग्णांची रीघ लागली. मांतोंच्या टेकडीवरील जुन्या दफनभूमीत परदेशी नावांच्या शिळा पाहत मी फिरलो. कित्येक शिळांवरची वये वीस-पंचवीसच्या पुढे जात नाहीत. विश्रांती, सकस अन्न, धुराविरहित हवा आणि रोजचे चालणे यांनी काहींचे आयुष्य लांबले असेल. जंतू मात्र हवेला बधत नव्हता.

हे सारे पाहुणे हिवाळ्याचे होते, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. वसंत सरला की ते आपापल्या देशी परतत. २०२१ मध्ये युनेस्कोने नीसला जागतिक वारसा यादीत घेतले तेही ‘हिवाळी विश्रामनगर’ म्हणूनच. सूर्यप्रकाशाला औषध मानण्याची लाट नंतर आली. त्वचेच्या क्षयावर प्रकाशाचे उपचार करणाऱ्या नील्स फिन्सेन या डॉक्टराला १९०३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे काळवंडलेली कातडी ही गोऱ्या समाजात आरोग्याची व ऐपतीची खूण ठरली. आणि १९३६ मध्ये फ्रान्समध्ये कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाल्यावर उन्हाळ्यात समुद्रकिनारे फुलू लागले. म्हणजे आपण ज्या ऋतूत तेथे जातो, त्या ऋतूत जुना कोणताही डॉक्टर आपल्या रुग्णाला तेथे राहू देता ना.

आता उन्हाविषयी. आपले शरीर उन्हाची तीव्रता उकाड्यावरून ओळखते. कातडी भाजणारे अतिनील किरण मात्र ना उष्ण लागतात ना डोळ्यांना दिसतात. त्यांचे प्रमाण हवेच्या तापमानावर नव्हे, तर सूर्य आकाशात किती उंच आहे यावर ठरते. जूनमध्ये नीसला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे सत्तर अंश वर असतो. त्या वेळी अतिनील निर्देशांक आठच्या आसपास जातो, आणि जागतिक आरोग्य संघटना आठपासून पुढच्या पातळीला ‘अति तीव्र’ म्हणते. वर समुद्रावरून सुखद वारा वाहत असतो. ऊन आहे हे अंगाला कळतच नाही. सावळ्या त्वचेला मूळचे काही संरक्षण असते, पण ती भाजत नाही हा समज चुकीचा आहे. लाली चटकन दिसत नाही, इतकेच. त्यासाठी माझी साधी कसोटी अशी, की आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा आणि तीसहून अधिक संरक्षणांकाचे मलम हवेच. ते मलम दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा लावावे लागते.

नीसमध्ये जुन्या गढीच्या टेकडीवरून रोज दुपारी बारा वाजता तोफेचा बार होतो. बायको गप्पांत रमून जेवणाची वेळ विसरते म्हणून १८६० च्या दशकात एका स्कॉटिश गृहस्थाने ही प्रथा पाडली, अशी आख्यायिका आहे. (बायकोची बाजू अर्थातच कोणी लिहून ठेवलेली नाही.) तोफ ऐकून ‘डोक्यावरचे ऊन आता उतरेल’ असे आपल्याला वाटते, पण उन्हाळ्यात तिथली घड्याळे सूर्याच्या पुष्कळ पुढे असतात आणि खरा मध्यान्ह दीडच्या सुमारास होतो. मुंबईत जूनमध्ये तो पाऊणच्या आत होतो. तेव्हा तोफेचा बार म्हणजे सावलीत शिरण्याची सूचना समजावी आणि चार-साडेचारपर्यंत बाहेर पडू नये. तेथील जुन्या घरांना लाकडी झडपांच्या खिडक्या असतात. दिवसा झडपा मिटून, रात्री उघडून घर गार ठेवण्याची ही रीत पूर्वापार आहे. २००३ च्या ऑगस्टमधील उष्णतेच्या लाटेत फ्रान्समध्ये सुमारे पंधरा हजार माणसे दगावली, त्यांत बहुसंख्य वृद्ध होती. जूनचा आरंभ इतका कठोर नसतो. पण ऊन वृद्धांना किती मुकाट्याने गाठते हे त्या देशाने जवळून पाहिले आहे.

या मुकाटपणाचा एक नमुना मी तेथेच पाहिला. दोन वर्षांपूर्वी जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही नीसला गेलो होतो. सोबत माझे मेहुणे होते. वय सदुसष्ट, मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही. तिसऱ्या दिवशी सकाळी ते एकटेच फिरावयास गेले. प्रॉमनादवर निळ्या खुर्च्या मांडलेल्या असतात, त्यांपैकी एका खुर्चीवर ते समुद्र पाहत तासभर बसले आणि आम्ही पोहोचताच उठावयास गेले. उठताक्षणी डोळ्यांपुढे अंधारी येऊन ते पुन्हा खाली बसले, चेहरा पांढराफटक. तिथेच सावलीत आडवे करून त्यांचे पाय उंच केले. नाडी जलद होती. साखर ठीक निघाली. थोड्या वेळाने घोट घोट जलसंजीवनी दिल्यावर रंग परतला. विचारता कळले, की सकाळपासून पोटात गेली होती फक्त एक लहान कप काळी कॉफी. “तहानच लागली नाही, घामही नव्हता,” ते म्हणाले. आणि मग, जरा संकोचाने, “पाणी प्यायलो तर सारखे जावे लागते, आणि इथे सोय कुठे शोधायची?”

हे शेवटचे वाक्य मला दवाखान्यातही नित्य ऐकू येते, विशेषतः स्त्रियांकडून. प्रवासात स्वच्छतागृह मिळणार नाही या धास्तीने पाणी तोडणारी माणसे घरोघरी आहेत. वयानुसार तहानेची जाणीव मुळातच बोथट होते. मुंबईत घाम अंगावर निथळत राहतो, म्हणून पाणी गेल्याचे लक्षात तरी येते. नीसच्या वाऱ्यात तो येता येताच वाळून जातो. त्यात भर औषधांची. रक्तदाबाच्या गोळीच्या नावापुढे ‘एच’ हे अक्षर असेल तर तिच्यात बहुधा हायड्रोक्लोरोथायाझाइड असते. ते लघवीवाटे पाणी व क्षार बाहेर टाकते, शिवाय त्वचेला उन्हाबाबत अधिक हळवी करते. एकाच गोळीचे हे दोन्ही गुण तेथे अडचणीचे ठरतात. मधुमेहासाठीच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्याही लघवीचे प्रमाण वाढवतात. डॉक्सिसायक्लिन घेणाऱ्यांनी उन्हाला विशेष जपावे. यांपैकी कोणतीही गोळी मनाने बंद करू नये. निघण्यापूर्वी पंधरवडाभर आपल्या डॉक्टरांना भेटून, ‘जुलाब, उलट्या किंवा चक्कर असे काही झाले तर कोणती गोळी थांबवायची?’ हे विचारून लिहून घ्यावे.

पाण्याची सोय तेथे अवघड नाही. नळाचे पाणी पिण्यायोग्य असते. उपाहारगृहात जेवताना ‘कराफ दो’ म्हटले की नळाच्या पाण्याची सुरई फुकट मिळते; बाटलीबंद पाण्याला युरो मोजण्याचे कारण नाही. स्वच्छतागृहासाठी माझा उपाय असा, की दर दीड-दोन तासांनी एखाद्या कॅफेत बसावे, काहीतरी किरकोळ मागवावे आणि गरज असो वा नसो जाऊन यावे. याने पायांनाही विश्रांती मिळते. ज्यांना हृदयविकार किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाणी मोजून प्यावे लागते, त्यांनी मात्र आपले माप आधी डॉक्टरांकडूनच ठरवून न्यावे. जलसंजीवनीतही मीठ असते, हे त्यांनी विसरू नये.

किनाऱ्याविषयी सांगणे आवश्यक आहे, कारण कोकणच्या वाळूची सवय असलेल्याला तो फसवतो. नीसच्या किनाऱ्यावर वाळू नाही. गुळगुळीत, करड्या गोट्यांचा तो उतार आहे. अनवाणी चालताना घोटा मुरगळणे सोपे, आणि दुपारी हे गोटे चांगलेच तापतात. मधुमेहामुळे ज्यांच्या तळपायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांना चटका जाणवत नाही. रात्री मोजा काढल्यावर फोड दिसतो, आणि परक्या देशात अशा फोडाची जखम होऊन बसते. तेव्हा पाण्यात जातानाही रबरी तळव्याचे, पाय पूर्ण झाकणारे जोडे घालावेत व रोज रात्री तळवे उजेडात नीट तपासावेत. स्वतःला वाकता येत नसेल तर हे काम नातवंडांवर सोपवावे, ती आनंदाने करतात. तळही दोन-चार पावलांत खोल जातो. गुडघाभर पाण्यात दूरवर चालत जाण्याची आपली पद्धत तेथे चालणार नाही. शिवाय जूनच्या आरंभी पाणी जेमतेम एकोणीस-वीस अंश असते. आपल्या समुद्राच्या तुलनेत हे पाणी पुष्कळच थंड. त्यात एकदम उडी घेतली तर श्वास अडकतो, रक्तदाब उसळतो, म्हणून हृदयविकार असलेल्यांनी पोहण्याचा मोह टाळावा व इतरांनी हात, मान, छाती हळूहळू भिजवत उतरावे. किनाऱ्यावर हिरवे, पिवळे वा लाल निशाण असते; लाल म्हणजे मज्जाव. जांभळे निशाण पाण्यातील प्रदूषणाची किंवा उपद्रवी जलचरांची सूचना देते. जांभळट रंगाचे छोटे जेलीफिश या किनाऱ्यावर कधीकधी थव्याने येतात. त्यांचा दंश झाला तर समुद्राच्याच पाण्याने धुवावे, गोडे पाणी वापरू नये, चोळू नये, आणि किनाऱ्यावरील जीवरक्षकांना दाखवावे.

चालण्याचा हिशेबही आधी करावा. घरी दिवसाला तीन हजार पावले टाकणारा माणूस तेथे पहिल्याच दिवशी पंधरा हजार टाकतो, तीही प्रवासासाठी घेतलेल्या कोऱ्या बुटांत. मग टाच धरते आणि उरलेली सहल हॉटेलात जाते. महिनाभर आधीपासून, त्याच बुटांत, पावले वाढवत न्यावीत. गढीची टेकडी नव्वदेक मीटर उंच आहे. वरून अर्धवर्तुळाकार उपसागर दिसतो आणि तो पाहावाच, पण प्रॉमनादच्या पूर्व टोकाशी वर जाणारी लिफ्ट आहे. ती फुकट आहे. विमानतळावरूनही ट्राम थेट शहरात आणि पुढे बंदरापर्यंत जाते.

खाण्याची चिंता करणाऱ्यांना एक आनंदाची बातमी. नीसचा सर्वांत लाडका रस्त्यावरचा पदार्थ म्हणजे ‘सोक्का’: हरभऱ्याचे पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ यांचे सरसरीत मिश्रण मोठ्या तांब्याच्या परातीत ओतून लाकडाच्या भट्टीत भाजतात व वर मिरपूड भुरभुरतात. आपल्या बेसनाच्या धिरड्याचे हे सख्खे भावंड. शाकाहारी, प्रथिनयुक्त, आणि मधुमेह्याची साखर पावाइतकी न चढवणारे. मिरची नाही, एवढीच उणीव! ‘रातातुई’ ही वांगी, टोमॅटो, दुधी भोपळ्याच्या जातीची फळभाजी आणि ढोबळी मिरची यांची भाजीही इथलीच. कांद्याची ‘पिसालादिएर’ दिसावयास शाकाहारी, पण तिच्यावर लहान मासे असतात. नीसच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या सॅलडमध्येही मासे असतात, तेव्हा विचारून घ्यावे. कूर सालेया या चौकात सोमवार सोडून रोज सकाळी भाजी-फुलांचा बाजार भरतो. जूनमध्ये चेरी आणि जर्दाळू ताजे मिळतात. ‘भूमध्य आहार’ म्हणून ज्याची आज एवढी चर्चा होते, तो १९५०च्या दशकात अन्सेल कीज या संशोधकाने इटली व ग्रीसमध्ये पाहिला, तो अशा बाजारातला, कष्टकऱ्यांचा आहार होता. प्रॉमनादवरचे आइस्क्रीम आणि तळलेले बटाटे त्यात मोडत नाहीत.

खरी अडचण पदार्थांची नसून वेळांची आहे. दुपारी दोन-अडीचनंतर बहुतेक उपाहारगृहांची स्वयंपाकघरे बंद होतात ती सात-साडेसातला उघडतात. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने साडेतीनला ‘आता जेवू’ म्हटले तर जेवण मिळत नाही आणि साखर उतरू लागते. अशांच्या खिशात ग्लुकोजच्या गोळ्या आणि पिशवीत फुटाणे, दशम्या, काहीतरी हवेच. आपल्याकडून जाताना घड्याळ साडेतीन तास मागे जाते. दिवसातून एकदाची गोळी एक-दोन दिवसांत तिथल्या वेळेवर आणता येते, इन्सुलिनचे वेळापत्रक मात्र डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. सर्व औषधे, इन्सुलिनसह, हातातल्या सामानात ठेवावीत आणि चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव असावे, कारण आपल्याकडची व्यापारी नावे तिथल्या औषधविक्रेत्याला कळत नाहीत. हिरव्या क्रॉसची पाटी दिसली की ते औषधाचे दुकान. पण प्रतिजैविके चिठ्ठीविना मागू नयेत, मिळणार नाहीत. व्हिसासाठी किमान तीस हजार युरोंचा विमा लागतोच. त्यात आधीपासूनचे आजार धरले आहेत का, हे मात्र बहुतेकजण वाचत नाहीत. ते वाचावे. आणीबाणीत ११२ हा क्रमांक फिरवावा. थेट वैद्यकीय मदतीसाठी १५.

एक सूचना मुद्दाम करतो. आपण निघतो तेव्हा आपल्याकडे पाऊस तोंडावर आलेला असतो. तेथे पोहोचल्यावर ताप आला, तर डॉक्टरांना ‘मी भारतातून आलो आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगावे. पट्टेरी डास आता नीसलाही आहेत. २०१० मध्ये फ्रान्सच्या मुख्य भूमीवर स्थानिक लागण झालेले डेंग्यूचे पहिले रुग्ण याच शहरात सापडले. असा ताप असताना डासांपासून जपणे हे यजमानांप्रती आपले कर्तव्यच आहे.

राहता राहिली संध्याकाळ. जूनमध्ये नीसला सूर्य सव्वानऊला मावळतो आणि त्यानंतरही बराच वेळ उजेड रेंगाळतो. अंधार पडला की जेवण, जेवण झाले की गोळी, हा आपला हिशेब त्या उजेडात कोलमडतो. मुले अकरापर्यंत जागतात, आजोबांची रात्रीची गोळी राहून जाते. औषधाला घड्याळाचा गजर लावावा, खोलीच्या झडपा दहाला मिटाव्यात. साडेसहापासून पुढचे तीन तास मात्र प्रॉमनादवर घालवावेत. ऊन कलते, वारा मंदावतो, समुद्र निळ्यावरून राखी होत जातो, आणि गावातली म्हातारी माणसे निळ्या खुर्च्या समुद्राकडे वळवून काहीही न करता बसलेली असतात. आमचे मेहुणे त्या प्रसंगानंतर उरलेल्या चारही संध्याकाळी तेथे बसले, पायाशी पाण्याची बाटली घेऊन. फक्त त्या भरात घरी फोन लावू नये. तेथे साडेनऊ झाले की आपल्याकडे रात्रीचा एक वाजलेला असतो.